मोटारींतील फ्यूजपेटी

रात्रीं घाट उतरत असतां मोटारीचे दिवे एकाएकीं विझावेत, आणि चालकानें सिगारेटच्या पाकिटांतील चांदीचा कागद फ्यूजला गुंडाळून ते पुन्हां पेटवावेत, असा प्रसंग पुष्कळांच्या ऐकण्यांत असतो. चालकाच्या चातुर्याचें कौतुकहि होतें. परंतु त्यानें केलें काय, हें नीट पाहिलें म्हणजे कौतुकाच्या जागीं भीति उत्पन्न होते.

घरांतील विजेला जाण्यायेण्यास दोन तारा लागतात. मोटारींत दिव्यापर्यंत बहुधा एकच तार न्यावी लागते. परतीची वाट म्हणजे मोटारीचा लोखंडी सांगाडाच. बॅटरीचें ऋण टोंक या सांगाड्याला जोडलेलें असतें. धन टोंकापासून निघालेली जाड तार मुख्य फ्यूजमधून फ्यूजपेटींत येते आणि तेथें तिला शाखा फुटतात: एक दिव्यांकडे, एक भोंग्याकडे, एक कांच पुसणाऱ्या यंत्राकडे. कांहीं शाखांत प्रवाह सदैव असतो. कांहींना तो किल्ली फिरविल्यावरच मिळतो. प्रत्येक शाखेच्या मुखाशीं एक फ्यूज पहारा करीत असतो.

फ्यूज म्हणजे मुद्दाम दुबळा ठेवलेला धातूचा तुकडा. तो दिव्याचें रक्षण करतो असा सामान्य समज आहे. वस्तुतः तो तारेचें रक्षण करतो. १२ व्होल्टच्या मोटारींत ५५ वॅटचा एक दिवा सुमारें साडेचार अँपिअर प्रवाह घेतो. दोन दिव्यांना नऊ पुरतात. त्या शाखेवर १५ अँपिअरचा फ्यूज असला तर दिवे निर्वेध जळतात. परंतु तारेवरील वेष्टन घासून ती सांगाड्यास टेंकली, कीं दिव्याचा अडथळा मध्यें उरत नाहीं, आणि बॅटरी शेंकडों अँपिअर प्रवाह त्या बारीक तारेंतून लोटूं पाहते. फ्यूज तत्काळ वितळतो व वाट तुटते.

तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा नियम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं प्रसिद्ध केला. १५ च्या जागीं ३० अँपिअरचा फ्यूज बसविला, तर तारेला दुप्पट प्रवाह, म्हणजे चौपट उष्णता सोसण्याची पाळी येते. चांदीचा कागद केव्हां वितळेल हें तर कोणासच सांगतां येत नाहीं. मग तारच फ्यूज होते, आणि ती जळते ती गादीखालीं किंवा पेट्रोलच्या नळीशेजारीं!

फ्यूज तपासण्यास १२ व्होल्टचा लहानसा दिवा पुरतो. त्याची एक तार सांगाड्याला लावून दुसरी फ्यूजच्या दोन्ही टोंकांस क्रमानें टेंकवावी. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज शाबूत. एकीकडेच लागला तर तो गेलेला. कोठेंच लागला नाहीं तर प्रवाह तेथपर्यंत पोंचलेलाच नाहीं, म्हणून किल्ली व मुख्य फ्यूज पाहावा.

नवा फ्यूज जुन्याइतक्याच अँपिअरचा असावा. पातीच्या फ्यूजवर आंकडा असतोच, शिवाय रंगहि ठरलेले आहेत: १० चा तांबडा, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. नवा फ्यूजहि लागलीच गेला, तर तिसरा न बसवितां तार कोठें घासली आहे याचा शोध करावा. मोटारींत चार-सहा जादा फ्यूज बाळगणाऱ्यास घाटांत चांदीच्या कागदाची आठवण होण्याचें कारण पडत नाहीं.