फ्युकोसिलट्रान्सफरेज जनुककुल

फ्युकोसिलट्रान्सफरेज हे फ्युकोज या शर्करेचा रेणू प्रथिनांवरील अथवा मेदांवरील शर्करासाखळीस जोडणारे विकर होय. मानवात या विकरांची एकाहून अधिक जनुके असून, रचनेतील साम्यामुळे ती एका कुलातील मानली जातात. मुंबई रक्तगटाचे मूळ याच कुलात आहे.

जनुकांचा शोध

ही विकरे पेशीत अत्यल्प प्रमाणात असल्याने त्यांचे शुद्धीकरण कठीण होते. म्हणून अमेरिकेतील जॉन लोव आणि सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग स्वीकारला. विशिष्ट शर्करारचना नसलेल्या प्राणिपेशींत मानवी डीएनए घालण्यात आला. ज्या पेशींवर ती रचना नव्याने दिसू लागली, त्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने निवडून त्यांतील मानवी जनुक शोधण्यात आले. या पद्धतीने १९९० मध्ये एफयूटी१ व एफयूटी३ ही जनुके हाती आली.

त्यानंतर ज्ञात जनुकाच्या तुकड्याशी जुळणारे डीएनए शोधून इतर सदस्य मिळवण्यात आले. एफयूटी३ शी निकट साम्य असलेली एफयूटी५ व एफयूटी६ ही जनुके १९ व्या गुणसूत्रावर त्याच्याच शेजारी आढळली. एफयूटी१ शी साम्य असलेले एफयूटी२ हेही त्याच गुणसूत्रावर, परंतु दुसऱ्या भुजेवर आहे.

साम्य आणि कार्य

केवळ क्रमातील साम्यावरून विकराचे नेमके कार्य ठरत नाही. फ्युकोज कोणत्या शर्करेस व कोणत्या बंधाने जोडला जातो, हे प्रयोगानेच सिद्ध करावे लागते. उदाहरणार्थ, एफयूटी३ लुइस रक्तगटाचे प्रतिजन घडवते, तर एफयूटी७ मुळे पांढऱ्या रक्तपेशींना रक्तवाहिनीच्या भित्तीस चिकटण्यासाठी लागणारी रचना तयार होते.

मुंबई रक्तगट

डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत या रक्तगटाची नोंद केली. एफयूटी१ हे लाल पेशींवर एच प्रतिजन घडवते. ए व बी प्रतिजन त्याच्यावरच रचले जातात. एफयूटी१ निष्क्रिय असून स्रावांतील एच प्रतिजन घडवणारे एफयूटी२ हेही निष्क्रिय असल्यास हा रक्तगट संभवतो. नेहमीच्या चाचणीत तो ओ गटासारखा भासतो. मात्र अशा व्यक्तीच्या रक्तात एच-विरोधी प्रतिपिंडे असल्याने ओ गटाचे रक्तही तिला घातक ठरू शकते. तिला मुंबई रक्तगटाचेच रक्त द्यावे लागते.