गाविलगड, मागच्या दारानं

श्रावणातला रविवार. चिखलदऱ्यात अमरावती-अकोल्याच्या गाड्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. पंचबोल पॉइंटवर पोरं दरीत स्वतःचीच नावं ओरडून पाहताहेत. ती गर्दी सोडून आम्ही गाविलगडाच्या वाटेला लागतो. कणसंवाली बाई मागून ओरडते, "शेवाळ हाय बापा, पाय पाहून टाकजा!"

धुक्यातून आधी बुरूज दिसतो, मग त्याच्या फटीत रुजलेलं झाड, मग एकदम अंगावर येणारा दरवाजा. दम लागत नाही. चिखलदऱ्याच्या पठाराला किल्ला एका अरुंद धारेनं जोडलेला आहे, बाकीच्या अंगांना खोल उतार. म्हणजे आपण मागच्या दारानं येतोय, आणि १८०३च्या डिसेंबरात इंग्रजही इथूनच आले. आमच्या पाठीवर चिवडा आहे, एवढाच फरक. कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेनं अवजड तोफा सातपुड्याच्या घळींतून, स्वतःच रस्ता करत, हातांनी ओढत आणल्या. सुमारे ३० मैल. आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, तेवढ्यात दक्षिणेकडून हूल देत होता.

आता बाहेरचा किल्ला मागे पडतो आणि पुढ्यात घळ येते. पलीकडे आतला तट. १५ डिसेंबरला बाहेरचा तट फुटला, पण हा शाबूत होता. कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून तो चढली आणि तिनं दरवाजा आतून उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. त्याच तटावर आत्ता दोन पोरं सेल्फीसाठी चढताहेत. बिनशिडीचं त्यांना बरंच जड जातंय.

प्रत्येक पॉइंटवर भीमानं कीचकाला कुठून फेकलं ते सांगणारा कुणीतरी भेटतो. बेनीसिंगाचं नाव मात्र सांगावं लागतं, हे मला खटकतं. सोबतचे तेल्हाऱ्याचे काका ऐकून घेतात आणि म्हणतात, "पण आधी आमच्या अडगावले झाली ना लढाई. थे काहून नाई सांगत?" बरोबर आहे. २९ नोव्हेंबरला अकोल्याकडच्या त्या मैदानात नागपूरकर भोसल्यांची फौज हरली, म्हणून तर त्यांचा हा गड वेढला गेला.

"मंग किल्ला इंग्रजाईनं ठेवला का?"

नाही. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहात गाविलगड आणि नरनाळा नागपूरकर भोसल्यांकडेच राहिले. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड मात्र निजामाला गेला. काका तटाच्या दगडावर टेकतात.

"म्हंजे घर गेलं अन् कुलूप ठेवलं!"

पाऊस पुन्हा सुरू होतो. तलावाकडे जायचं की मोथा गावची रबडी गाठायची यावर आमच्यात मतदान होतं. रबडी जिंकते, काका एकटेच तलावाकडे निघतात.