नदीकडे उघडणारे मैदान

पिट्सबर्गमध्ये बेसबॉलचा सामना पाहायला जायचे असेल, तर गाडी नदीच्या अलीकडेच सोडावी आणि पूल पायी ओलांडावा. अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या या शहरात अॅलेगेनी आणि मोनोंगाहेला या नद्यांचा संगम होतो आणि तिथून ओहायो नदी सुरू होते. अॅलेगेनीच्या उत्तर काठावर पीएनसी पार्क आहे, पिट्सबर्ग पायरेट्स या व्यावसायिक संघाचे २००१ पासूनचे घरचे मैदान. उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेकपटूंना २००८ मध्ये करारबद्ध करणारा संघ तो हाच. सामन्याच्या दिवशी १९२८ सालचा पिवळा रोबेर्तो क्लेमेंते पूल वाहनांना बंद होतो आणि शहराच्या मध्यवस्तीतून निघालेली माणसे चालत चालत थेट मैदानाच्या दारात पोहोचतात. हे मैदान अमेरिकेतल्या सर्वांत देखण्या मैदानांत गणले जाते. पण त्याचे मोठेपण देखणेपणाच्या पुढचे आहे. नदी आणि शहर यांना त्याने खेळात सामील करून घेतले आहे, आणि म्हणूनच सामना तिथे जाऊन पाहण्याला अर्थ आहे.

हे किती सहज हुकू शकते, याचा दाखला याच काठावर होता. १९७० मध्ये इथे ‘थ्री रिव्हर्स स्टेडियम’ उभे राहिले. बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल हे दोन्ही खेळ एकाच मैदानावर भागवावेत, या हिशेबाने त्या काळी अनेक शहरांनी गोल, चहूबाजूंनी बंदिस्त स्टेडियमे बांधली. हे त्यांतलेच एक. खाली कृत्रिम गवत, भोवती काँक्रीटचे कडे. नाव तीन नद्यांचे, पण आत बसणाऱ्याला नदीचे दर्शन नाही. दोन्ही खेळांची सोय पाहताना बेसबॉलचा प्रेक्षक खेळापासून दूर गेला. फेब्रुवारी २००१ मध्ये सुरुंग लावून ते पाडले गेले. नव्या मैदानाने मुद्दामच लहान राहणे पसंत केले. आसने सुमारे ३८ हजार, मजले दोनच, आणि सर्वांत वरचे आसनही मैदानापासून ८८ फुटांवर. मुख्य म्हणजे नदीची बाजू मोकळी ठेवली.

या मोकळेपणाचा खेळाशी काय संबंध, हे समजायला बेसबॉलचा एक नियम ठाऊक हवा. धावताना गाठायच्या दोन बेसमधले ९० फुटांचे अंतर सगळीकडे सारखे असते, पण मैदानाचे कुंपण किती लांब आणि किती उंच असावे, याला बरीच मोकळीक असते. त्यामुळे प्रत्येक मैदानाला स्वतःचा स्वभाव येतो. पीएनसी पार्कमध्ये डावीकडे एका कोपऱ्यात कुंपण ४१० फुटांपर्यंत मागे जाते. उजवीकडे, म्हणजे नदीच्या बाजूला, सीमारेषेवर ते अवघ्या ३२० फुटांवर आहे. डावखुऱ्या फलंदाजाचा जोरकस फटका साहजिकच या जवळच्या बाजूला जातो. पण तिथली भिंत २१ फूट उंच आहे. हा आकडा रोबेर्तो क्लेमेंतेच्या जर्सीचा. पायरेट्सचा हा प्वेर्तो रिकोचा खेळाडू १९७२ च्या अखेरच्या दिवशी, निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या विमानाच्या अपघातात गेला. त्याची आठवण इथे पुतळ्यापुरती राहिलेली नाही. या बाजूने होमरन, म्हणजे थेट कुंपणापलीकडे जाणारा फटका, मारायचा तर चेंडूला ती भिंत ओलांडावी लागते. होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथून, पाणी ४४३ फुटांवर. जुलै २००२ मध्ये डॅरिल वॉर्ड या फलंदाजाने मारलेला चेंडू कुठेही टप्पा न पडता थेट नदीत गेला. असा फटका मारणारा तो पहिला.

घरी टीव्हीवर सामना जास्त स्पष्ट दिसतो, मग एवढी पायपीट कशाला, असे कोणी विचारेल. चेंडूची फिरकी टीव्हीवर अधिक स्पष्ट दिसते, हे मान्य. पण बेसबॉलच्या प्रक्षेपणातला मुख्य कॅमेरा मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, पाठीमागे असतो आणि फलंदाजाकडे तोंड करून असतो. म्हणजे बहुतेक वेळ नदी, पूल आणि शहर कॅमेऱ्याच्या पाठीशीच राहतात. होम प्लेटच्या मागच्या किंवा तिसऱ्या बेसच्या बाजूच्या वरच्या मजल्यावर बसलेल्याला मात्र क्षेत्ररक्षकांची मांडणी, उंच भिंत, पिवळा पूल आणि मागचे मनोरे एका नजरेत येतात. दोन चेंडूंमध्ये थोडी उसंत असणाऱ्या या खेळात ही नजर मोलाची आहे. वरच्या मजल्यावरची तिकिटे सहसा खालच्यांपेक्षा स्वस्त असतात, हेही नव्या प्रेक्षकाने लक्षात ठेवावे.

दुसरा आक्षेप टोकदार आहे. १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षे पायरेट्सनी जिंकले त्यापेक्षा जास्त सामने गमावले. त्यांतली बारा वर्षे याच मैदानावरची. मग देखणे मैदान संघाचे अपयश झाकते का? काही प्रमाणात झाकतेच, आणि चाहत्यांनी मालकांना जाब विचारणे योग्यच आहे. पण मैदान चांगले असणे आणि संघ चांगला असणे या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत. २०१३ मध्ये बाद फेरीचा सामना इथे आला, तेव्हा प्रेक्षकांनी प्रतिस्पर्धी सिनसिनाटी संघाच्या पिचरच्या, जॉनी क्वेटोच्या, नावाचा असा गजर केला की त्याच्या हातून चेंडू निसटला. पुढच्याच चेंडूवर पायरेट्सच्या रसेल मार्टिनने होमरन मारला. प्रेक्षक इतका जवळ बसलेला असला, की त्याचा आवाज खेळात उतरतो.

सर्वांत जड आक्षेप पैशाचा. या मैदानाचा बराचसा खर्च सार्वजनिक तिजोरीतून झाला. त्यासाठी विक्रीकर वाढवण्याचा प्रस्ताव १९९७ मध्ये मतदारांनी फेटाळला होता. तरी पुढे वेगळ्या मार्गाने पैसा उभा केला गेला. स्टेडियममुळे शहराची भरभराट होते हा दावा बहुतेक अर्थतज्ज्ञांना पटत नाही, आणि तो इथेही करू नये. म्हणूनच मोजमाप दुसरे हवे: जनतेच्या पैशातून जनतेला काय मिळाले? इथे काठावरची पायवाट तिकीट नसलेल्यालाही खुली आहे, पूल पायी चालणाऱ्यांच्या हवाली होतो, आणि नदीत होड्या घेऊन थांबलेल्यांनाही होमरनच्या चेंडूची आशा असते. एवढ्याने मतदारांचा डावललेला कौल भरून निघत नाही. पण सार्वजनिक पैशातून मैदान होणारच असेल, तर ते शहराकडे पाठ न फिरवणारे असावे, ही अट घालण्याचा हक्क नागरिकांना आहे. आणि ती अट पाळता येते, हे पीएनसी पार्कने दाखवले आहे.