प्लीहेची वाट

कर्करोगाशी शरीरानेच लढावं, ही कल्पना फार जुनी. १८९१ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली यांनी कर्करोगाच्या रुग्णाला मुद्दाम जिवाणू टोचले. संसर्गाने खवळलेली प्रतिकारशक्ती गाठीवरही तुटून पडेल, असा त्यांचा होरा होता. काहींच्या गाठी विरल्या, काही रुग्ण संसर्गानेच दगावले. पुढे रेडिएशन आलं, केमोथेरपी आली आणि कोली मागे पडले.

या लढाईत टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढवय्या पेशींना, शिकवतं कोण, याचा माग १९७३ मध्ये लागला. रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झॅनविल कोन यांना उंदरांच्या प्लीहेत फांद्या फुटल्यासारख्या पेशी दिसल्या. त्या डेंड्रिटिक पेशी. शत्रूचा तुकडा टी-पेशींपुढे धरून त्याची ओळख पटवणं, हे त्यांचं काम. २००७ मध्ये स्टाइनमन यांनाच स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, तेव्हा त्यांनी या पेशींपासून केलेल्या लशी स्वतः घेतल्या. ३० सप्टेंबर २०११ रोजी ते गेले. तीनच दिवसांनी त्यांचं नोबेल जाहीर झालं.

पण पेशी बाहेर काढायच्या, शिकवायच्या, परत सोडायच्या, हे फार खर्चिक काम. शरीरातच त्यांच्या हाती धडा द्यायचा, तर तो ज्यात लिहायचा तो आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याची कृती सांगणारा रेणू, रक्तात टिकत नाही. तिथे नॅनोकण कामी आले. जर्मनीतल्या माइन्झ शहरात उगुर शाहीन यांच्या चमूने आरएनएला मेदाच्या कणांत बसवलं. कण जातात कुठे, हे बघायला काजव्याच्या प्रकाशाचं प्रथिन बनवणारा आरएनए भरला आणि उंदराच्या अंगात उजेड कुठे पडतो ते पाहिलं. कणांवर धनभार असला की फुप्फुसं उजळत. मेदाचं प्रमाण घटवून भार किंचित ऋण केला, की प्लीहा, म्हणजे डेंड्रिटिक पेशी जिथे असतात तीच जागा. पत्ता सांगणारं वेगळं प्रथिन लावावंच लागलं नाही! २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातली ही साधी युक्ती मला सगळ्यात मोलाची वाटते.

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग संस्थेतल्या चाचणीचे निष्कर्ष आले. स्टाइनमन यांना झालेल्या त्याच कर्करोगाचे १६ रुग्ण. प्रत्येकाची गाठ शस्त्रक्रियेने काढून, तिच्यातले जनुकीय बदल वाचून, मेदाच्या कणांत बसवलेल्या आरएनएची त्याच्यापुरती लस बनवली. इतर औषधंही सोबत होतीच. आठ जणांच्या टी-पेशींनी लशीला दाद दिली आणि दीड वर्षाच्या पाहणीत त्यांचा रोग उलटणं लांबलं. उरलेल्या आठांचं शरीर ढिम्म राहिलं. ते का, हे शोधणं मला त्या यशाइतकंच निकडीचं वाटतं. शिवाय दाद देणारे मुळातच धडधाकट असतील, ही शंका १६ जणांवरून फिटत नाही. म्हणून आता मोठी चाचणी सुरू आहे. तीत एका गटाला लस न देता केवळ नेहमीची केमोथेरपी दिली जाते.