गाईचा माज टिपणारा बिनतारी पट्टा : सुरुवात कशी करावी?



दरवर्षी एक वेत मिळाले तरच दुधाचा धंदा परवडतो. वर्षाचे ३६५ दिवस. त्यातून गाभणकाळाचे सुमारे २८० दिवस वजा केले तर व्याल्यापासून पुन्हा गाभण राहण्यास ८५ दिवसच उरतात. त्यातील पहिले ६० दिवस गर्भाशय पूर्ववत होण्यासाठी सोडावे लागतात. माज दर २१ दिवसांनी येतो. म्हणजे उरलेल्या २५ दिवसांत एक, फार तर दोन माज हाती लागतात. तो चुकला की चारापाणी, खुराक आणि भाकड काळ यांचा भार वाढतो.

माज साधारण १२ ते १८ तास टिकतो व लक्षणे बऱ्याचदा रात्री आणि पहाटे दिसतात. त्या वेळी गोठ्यात कोणी नसते. मात्र माजावरील गाय अस्वस्थ होते व जास्त चालते. १९७७ साली अमेरिकेत किडी या संशोधकांनी गाईंच्या पायाला मोजणी यंत्रे बांधून पाहिले, तेव्हा माजाच्या काळात हालचाल काही पट वाढल्याचे आढळून आले. हेच तत्त्व वापरून घरच्या घरी बिनतारी पट्टा करता येतो. थोडी इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेल्या मुलामुलींनी तो जरूर करून पाहावा.

लागणारे साहित्य

१) अ‍ॅक्सेलरोमीटर, म्हणजे त्वरणमापक. मोबाईल आडवा केल्यावर चित्र फिरते ते अशाच भागामुळे. एडीएक्सएल ३४५ हा भाग सुरुवातीस योग्य आहे.
२) मायक्रोकंट्रोलर : ईएसपी ३२ चे दोन बोर्ड. एक पट्ट्यावर, दुसरा घरात.
३) संरक्षक सर्किट असलेला लिथियम सेल व तो भारित करण्याची सोय असलेला बोर्ड.
४) पाणी न शिरणारी प्लॅस्टिकची डबी, रुंद पट्टा व थोडे वजन.

पहिला टप्पा : टेबलावर

गाईकडे जाण्याची घाई करू नये. मापकाला ३.३ व्होल्टच द्यावेत. एसडीए व एससीएल ही टोके ईएसपी ३२ च्या अनुक्रमे २१ व २२ क्रमांकांना जोडावीत. सीएस टोक ३.३ व्होल्टला आणि एसडीओ टोक ग्राउंडला जोडले की मापकाचा पत्ता हेक्स ५३ होतो. वीज देताच मापक विश्रांतीच्या स्थितीत असतो. मोजणीचा आदेश दिल्याशिवाय तिन्ही आकडे शून्यच येतात. नवशिक्यांची येथेच फसगत होते व चांगला भाग बिघडला असे वाटते.

±२ जी या पल्ल्यावर मापक सपाट ठेवला असता उभ्या अक्षावर सुमारे २५६ व इतर दोन अक्षांवर शून्याच्या आसपास आकडा यावा. हे २५६ म्हणजे गुरुत्वाकर्षण होय. डबी सहाही बाजूंवर ठेवून आकडे वहीत लिहावेत. दहा-वीसचा फरक चालतो.

कोणता आकडा पाहावा?

माझा विषय कृषिविद्या; हे काम घरच्या गाईमुळे हाती घेतले. पहिल्या पट्ट्यात मी एकाच अक्षाचा आकडा पाहत होतो. रात्री डबी मानेवरून एका बाजूला सरकली, आकडा एकदम बदलला आणि मला वाटले, माज आला. रेतनासाठी पशुवैद्यकांना बोलावले, तर गाय माजावर नव्हतीच. त्यांची फेरी फुकट गेली.

म्हणून तिन्ही आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे. डबी कशीही फिरली तरी गाय स्थिर असताना हे उत्तर २५६ च्या आसपासच राहते. त्यापासून जितका फरक पडेल, मग तो कमी असो वा जास्त, तितकी हालचाल. दहा मिनिटांतील फरकांची बेरीज हा आपला हालचाल अंक. दिवसाला असे १४४ अंक मिळतात.

दुसरा टप्पा : बिनतारी संदेश

सेकंदाला १२.५ नमुने व प्रत्येकी ६ बाइट धरल्यास दिवसाला ६४,८०,००० बाइट होतात. एवढे पाठवू गेल्यास सेल लवकर संपतो. फक्त १४४ अंक पाठवले तर २८८ बाइट पुरतात. ईएसपी-नाऊ पद्धतीने दोन बोर्ड वायफाय राउटरशिवाय एकमेकांशी बोलतात. एका संदेशात २५० बाइट मावतात. प्रत्येक संदेशात मागील ३६ अंक, म्हणजे सहा तासांची नोंद ७२ बाइटांत पाठवावी. मग घरची वीज चार तास गेली तरी नोंद तुटत नाही. हे अंक बोर्डाच्या आरटीसी मेमरीत ठेवावेत, म्हणजे झोपेत पुसले जात नाहीत. गोठा लांब असल्यास लोरा रेडिओ वापरावा. त्यासाठी भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त आहे.

तिसरा टप्पा : सेलची बचत

बोर्ड सतत जागा राहून ८० मिलिअँपिअर घेत असेल तर २००० मिलिअँपिअर-तासांचा सेल २५ तासांत संपेल. रोज डबी उघडणे कोणाला जमणार? या मापकात शेवटचे ३२ नमुने साठवण्याची सोय आहे. बोर्डाने दर मिनिटाला जागे होऊन ते वाचावेत व पुन्हा झोपावे. सरासरी खर्च २ मिलिअँपिअरवर आणला तर हिशेबाने १००० तास, म्हणजे सुमारे ४१ दिवस मिळतात. प्रत्यक्षात त्याहून कमी धरावेत.

चौथा टप्पा : गाईच्या गळ्यात

डबी मानेच्या वरच्या अंगाला ठेवून पट्ट्याच्या खाली वजन लावावे. शरीर रेडिओ लहरी शोषते, म्हणून डबी खाली लोंबू देऊ नये. पट्ट्यात चार बोटे सहज जावीत. कातडी रोज तपासावी.

पहिले सात दिवस फक्त नोंद घ्यावी. धारेच्या व वैरणीच्या वेळी हालचाल वाढतेच. म्हणून प्रत्येक तासाची तुलना त्याच गाईच्या मागील सात दिवसांतील त्याच तासाशी करावी. एका गाईचा अंक दुसरीला लावू नये. सलग काही तास अंक दीडपटीहून जास्त राहिल्यास सूचना द्यावी, अशी सुरुवात करून पुढे आपल्या गोठ्याप्रमाणे ही मर्यादा बदलावी.

मर्यादा

दावणीला बांधलेली गाय चालूच शकत नाही, त्यामुळे हालचाल कमी दिसते. मुक्त संचार गोठ्यात पट्टा चांगले काम देतो. म्हशीच्या मुक्या माजात त्यावर विसंबू नये. माश्या व गोचीड यांमुळेही अंक वाढतो. म्हणून सूचना मिळाली की उठून गोठ्यात जावे. पारदर्शक चिकट सोट, हंबरणे व वारंवार लघवी ही लक्षणे पाहावीत. सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी व संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घ्यावे.

तरी शेतकरी बंधू-भगिनींनी एका गाईपासून सुरुवात करावी. पट्ट्याचे अंक आणि डोळ्यांनी पाहिलेला माज निदान दोन-तीन माजचक्रे एकाच वहीत शेजारी-शेजारी लिहावेत. दोन्ही जुळू लागले, म्हणजे पुढचा पट्टा करण्यास हरकत नाही.