टाकीतले शेवाळ : कोणते जपावे, कोणते काढावे

शेवाळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? विहिरीच्या पायऱ्यांवरची निसरड, पावसाळ्यात भिंतीवर चढणारी हिरवी मखमल, डबक्यात तरंगणारा केसांसारखा गुंता. आपल्या बोलण्यात या तिन्हींना एकच नाव आहे. बोलण्यापुरते ते चालतेही. पण ज्याने घरात किंवा शाळेत काचेच्या टाकीत मासे पाळले आहेत, त्याला हा एका नावाचा घोळ महागात पडतो. टाकीच्या काचा हिरव्या होऊ लागल्या म्हणून माणूस दुकानातून ‘शेवाळ मारायचे औषध’ आणतो, चार थेंब जास्तच टाकतो, आणि दगडावर हौसेने वाढवलेले हिरवे जावळ थोड्याच दिवसांत तपकिरी पडते. मारायचे होते एक, मेले दुसरे.

तेव्हा आधी ही दोन बिऱ्हाडे वेगळी करू. काचेवर बसणारी निसरड आणि केसांसारखा गुंता हे शैवाल. त्याला खोड नाही, पान नाही. भिंतीवरची मखमल मात्र मॉस. भिंगातून पाहा; इवलेसे खोड आणि त्याला लागून नाजूक पाने स्पष्ट दिसतील. शाळेच्या पुस्तकात ब्रायोफायटा म्हणून, ‘वनस्पतिसृष्टीचे उभयचर’ म्हणून शिकवतात ते हेच. त्याला खरी मुळे नसतात. मूलाभ नावाचे बारीक तंतू असतात आणि त्यांचे मुख्य काम धरून ठेवण्याचे. पाणी आणि क्षार शोषायचे ते सगळ्या अंगाने. पाने बहुधा एकाच पेशीच्या जाडीची, वर मेणाचा जाड लेप नाही. या एका गोष्टीतून पुढचे बरेच काही निघते, ती ध्यानात ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, मग पावसाळ्यात भिंतीवरचे मॉस खरवडून टाकीत सोडले तर? करून पाहायला हरकत नाही, पण अपेक्षा ठेवू नका. जमिनीवरची बहुतेक मॉस कायमची बुडवून ठेवली की काही आठवड्यांत कुजतात आणि पाणी नासते. पाण्यात राहणारी जात हवी. युरोपातल्या थंड ओढ्यांत फाँटिनॅलिस अँटिपायरेटिका नावाचे मॉस असते. नाव ऐकून ते तापाचे औषध वाटेल, पण तसे नव्हे. लिनिअसने १७५३ साली हे नाव दिले, कारण स्वीडनमध्ये धुराडे आणि भिंत यांच्यामधल्या फटीत आग लागू नये म्हणून ते भरत असत! पण ते पडले थंड पाण्याचे; आपल्या उन्हाळ्यात टिकायचे नाही. आपल्या कामाचे ते जावा मॉस. जुन्या पुस्तकांत त्याला व्हेसिक्युलारिया दुब्याना म्हटलेले आढळेल. या शतकाच्या आरंभी तज्ज्ञांनी तपासून ते टॅक्सिफायलम बार्बिएरी असल्याचे दाखवले. रंगीत माशांच्या दुकानात ते मिळते, आणि कोणा मासे पाळणाऱ्याकडून मूठभर मिळाले तर वर्षभरात तुम्हीच दुसऱ्याला द्याल.

लावायची रीत सोपी आहे. मॉस स्वच्छ पाण्यात खळबळून घ्या, म्हणजे गोगलगायी व कचरा निघून जाईल. कात्रीने बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. खरबरीत दगडावर किंवा लाकडाच्या ओंडक्यावर त्यांचा पातळ थर पसरा आणि सुती दोऱ्याने गुंडाळा. थर पातळच हवा. हौशी माणूस चेंडूसारखा गोळा बांधतो. मग खालच्या बाजूस उजेड पोचत नाही, तिथे कुजते आणि सगळा गोळा सुटून वर येतो. सुती दोरा काही आठवड्यांनी कुजतो, पण तोवर मूलाभांनी दगड धरलेला असतो. पहिले तीन-चार आठवडे काहीच घडत नाही असे वाटेल. हात लावू नका.

उजेड रोज सहा ते आठ तास पुरे. थेट ऊन नको, कारण उन्हात मॉसपेक्षा शैवाल जोमाने वाढते, मॉसवरच चढते आणि त्याचा उजेड अडवते. असे झाले तर आधी औषधाकडे धावू नका. गुंता हाताने ओढून काढा, बाधलेले शेंडे कापा, माशांचे खाणे कमी करा, उजेडाचे तास घटवा. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. नळाचे पाणी असेल तर बादलीत एक दिवस उघडे ठेवून मग वापरा.

औषधांबद्दल शेतकरी श्रोत्यांना वेगळे सांगायला नको. बोर्डो मिश्रणातला मोरचूद तुमच्या परिचयाचा आहे. शैवालावरच्या कित्येक औषधांत तेच तांबे असते. मॉसच्या उघड्या पानांना ते अडवता येत नाही. आले की थेट पेशीत. फवाऱ्याची बादली टाकीसाठी कधीही वापरू नये ती याचसाठी. मॉसचा हाच दुबळेपणा शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडला आहे. युरोपात नद्यांतल्या धातूंचे प्रदूषण मोजण्यासाठी फाँटिनॅलिसचे नमुने तपासतात.

आपल्याकडे खरी कसोटी एप्रिल-मे महिन्यांत. जावा मॉसला २२ ते २६ अंश सेल्सियस तापमान मानवते. पाणी ३० च्या पलीकडे राहू लागले की वाढ खुंटते. विदर्भ-खानदेशातल्या घरांत तर हे ठरलेलेच. टाकी खिडकीपासून दूर, शक्य तर जमिनीलगत ठेवा. झाकण काढून त्याजागी जाळी बसवा, म्हणजे बाष्पीभवनाने पाणी निवेल आणि मासे उड्या मारून बाहेरही पडणार नाहीत. शिवाय थोडे मॉस पाणी झिरपणाऱ्या रुंद तोंडाच्या माठात, उजेडाच्या जागी, राखीव म्हणून ठेवून द्या. टाकीतले गेले तरी बियाणे शाबूत राहते.

एवढा खटाटोप कशाला? तर माशांसाठी. माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो. तो साठला तर मासे दगावतात. मॉस त्यातला काही वाटा अन्न म्हणून घेते. दिवसा प्राणवायूही देते, रात्री मात्र माशांसारखाच घेते, म्हणून टाकीत माशांची गर्दी नको. गप्पी मासा पिल्लांना जन्म देतो आणि संधी मिळाली की खातोही. मॉसची दाट जाळी असली की पिल्ले आत दडतात आणि तिथलेच सूक्ष्म जीव खाऊन पहिले दिवस काढतात.

शिक्षकांना आणखी एक सुचवतो. आपल्या देशातल्या ओढ्या-ओहोळांत आढळणारा झेब्रा मासा टाकीत ठेवा. मादी बहुधा पहाटे अंडी टाकते, ती मॉसमध्ये अडकतात आणि मोठ्या माशांच्या तोंडून वाचतात. अंडे पारदर्शक असते. ते बशीत घेऊन भिंगाखाली धरले तर दुसऱ्या दिवशी आतल्या जिवाचे हृदय उडताना मुलांना दिसते. दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर येते. फळ्यावर काढलेल्या चित्राने हे साधणार नाही.

मॉस वाढले की दर दोन महिन्यांनी कात्री लावा. कापलेले तुकडे शेजारच्या शाळेला द्या, किंवा वाळवून खतात टाका. ओढ्यात, विहिरीत वा तळ्यात मात्र सोडू नका. एवढ्याशा तुकड्यापासून नवे रोप उभे राहते, आणि परके मॉस एकदा वाहत्या पाण्यात गेले की ते गोळा करून आणता येत नाही.