बारा सेकंदांचा घाट

अमेरिकेत ड्रॅग रेसिंग नावाचा मोटारींचा एक खेळ आहे. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सरळ रेषेत सोडायच्या. वळण नाही, फेऱ्या नाहीत. अंतर बहुतेक वेळा पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच खेळ संपतो. कॅलिफोर्नियात सांता आना येथे १९५० साली विमानांच्या धावपट्टीवर अशा शर्यती नियमित सुरू झाल्या. १९५९ साली त्या बंद पडल्या. लाँग बीचजवळची लायन्स नावाची पट्टी १९५५ साली सुरू झाली आणि आवाजाच्या तक्रारींपायी १९७२ साली तिलाही कुलूप लागले. त्या पट्ट्यांवर जवानी घालवलेली म्हातारी माणसे अजून त्यांच्या आठवणी काढतात, असे वाचले तेव्हा मला नवल वाटले नाही. आमच्याकडेही अशी एक पट्टी होती. तिच्यावर पेट्रोलऐवजी पेंड आणि हरभऱ्याची चुणी चाले, इतकेच.

जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागात त्या पट्टीला ‘घाट’ म्हणतात. घाट म्हटले की शहरातल्या माणसाला वळणांचा रस्ता आठवतो. हा घाट म्हणजे गावाबाहेरची सरळ, हळूहळू चढत जाणारी मातीची वाट. दोन्ही बाजूंना बांध, बांधांवर माणसे. खाली गाडा जुंपायचा आणि वरच्या रेषेपर्यंत पळवायचा. चढ कशासाठी, असे मी लहानपणी विचारले होते. चाचा म्हणाले, ‘‘गाड्यात माणूस नसतो रे बाबा, मग बैलांना थांबवणार कोण? चढच थांबवतो.’’

गाड्यात माणूस नसतो, हेच आमच्या घाटाचे वैशिष्ट्य. सांगली-साताऱ्याकडे गाडीवान गाडीत बसतो. विदर्भातल्या शंकरपटात दोन जोड्या शेजारून पळतात आणि प्रत्येकीवर धुरकरी असतो. अमेरिकेतल्या त्या खेळाचे खरे सख्खे भावंड शंकरपटच म्हणायला हवे. आमच्याकडे मात्र एका वेळी एकच गाडा. त्याला चार बैल, मागची जोडी धुरेला, पुढची जुकाटाला. त्यांच्या पुढे घोडी पळे आणि तिच्यावरचा पोरगा मान वळवून वळवून मागे बघत असे. चार जनावरांनी एका क्षणी उठायचे, एका लयीत पाय टाकायचे. एक जरी बैल अर्धे पाऊल मागे राहिला तरी गाडा तिरका होई आणि बारी वाया जाई. मी पुढे कविता लिहू लागलो तेव्हा ओळ का अडखळते हे समजावून घेताना मला हे जुकाट पुष्कळदा आठवले आहे.

खरी लढत असे ती घड्याळाशी. खाली निशाण पडले की वर बसलेला माणूस स्टॉपवॉचचा खटका दाबी. चांगली बारी बारा-तेरा सेकंदांत बसायची. पण डोळ्याने निशाण पाहून अंगठ्याने खटका दाबायचा, त्यात थोडे इकडेतिकडे व्हायचेच. एवढ्यावरून दोन भावकींनी वर्षभर बोलणे टाकल्याचे मी पाहिले आहे. आता इलेक्ट्रॉनिक घड्याळे आली आणि ती भांडणे कमी झाली. दुसरी गंमत अशी, की प्रत्येक घाटाची लांबी निराळी, चढ निराळा. त्यामुळे इथल्या बारा सेकंदांना दहा कोसांवर किंमत नाही. अमेरिकेत पाव मैल ठरलेला, म्हणून तिथले आकडे देशभर चालतात. आमचा ‘घाटाचा राजा’ त्या घाटापुरता आणि त्या दिवसापुरता राजा.

चाचा बैलांना पत्री मारत. आमच्या भागात हे काम बहुधा मुसलमानांच्या घरांत चाले. शर्यतीच्या बैलाचे खूर ते तासून, दाबून, हुंगूनसुद्धा बघत. यात्रेच्या आदल्या दिवशी आमच्या दारात बैलांची रांग लागे. खुरात दुखणे असेल तर मालक कितीही मोठा असो, ‘‘उद्या जुंपू नका’’ असे ते तोंडावर सांगत. यात्रा भैरवनाथाची, पण भंडारा उधळला की आमच्या घरातल्या पांढऱ्या टोप्या पिवळ्या होऊनच परतत. त्याचे कुणालाच काही वाटत नसे.

हे सगळे गोड आहे, पण एवढेच सांगून थांबलो तर ते खोटे होईल. पराणीला खिळा लावणारे होते. शेपटी पिरगाळणारे, चावणारे होते. पुढे बॅटरीचा झटका देणारेही निघाले. बक्षीस फेटा-नारळाचे होते तोवर हे प्रकार कमी होते, रक्कम वाढली तसे तेही वाढले, असे माझे निरीक्षण आहे. म्हणून बंदी हे शहरी लोकांचे खूळ होते, असे मी म्हणणार नाही.

११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारच्या अधिसूचनेने खेळ करवून घेण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचे नाव आले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या जल्लिकट्टूबरोबर आपल्याकडच्या शर्यतीही थांबवल्या. २०१५ साली राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. नांगराला ट्रॅक्टर आलेला, घाट बंद, बाजारात गिऱ्हाईक नाही. शर्यतीसाठीच पोसलेल्या खिल्लाराचे करायचे काय, हा प्रश्न मालकाच्या दावणीला येऊन उभा राहिला. काहींनी मिळेल त्या भावाला बैल दिले. काहींनी कर्ज काढून पेंड आणली. त्यांची नावे कुठल्या निकालपत्रात नाहीत.

राज्याने २०१७ साली कायदा दुरुस्त केला, पण तोही न्यायालयात अडकला. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाची तपासणी लागते. जनावराला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे मला योग्य वाटते. आमच्या चाचांची दारातली तपासणी आता सरकारी कागदावर आली, एवढाच त्याचा अर्थ. बक्षिसांत मात्र मोटारसायकल, ट्रॅक्टर, अगदी जेसीबीसुद्धा दिसू लागले आहेत, ते पाहून पोटात थोडे कालवते.

बंदी उठली, तरी आमचा घाट परत आला नाही. मधल्या वर्षांत त्या चढाच्या पायथ्याला गोदामे झाली, माथ्यावर प्लॉट पडले आणि दोन्ही जोडणारा सिमेंटचा रस्ता नेमका पळीच्या वाटेवरून गेला. कुणी मुद्दाम केले नाही. वर्षातून दोन दिवस वापरायची जमीन बाकीचे तीनशे त्रेसष्ट दिवस रिकामी ठेवणे आता कुणालाच परवडत नाही. सांता आनाची पट्टीही विमानांची वर्दळ वाढल्यावर गेली होती.

गावात दोन गाडे अजून आहेत. मालक बैल टेम्पोत चढवतात आणि शेजारच्या गावच्या घाटात नाव नोंदवतात. बारी लागली की कर्ण्यावरून आधी मालकाचे नाव येते, मग आमच्या गावाचे.